कूलरची तार आणि तिचा जोड

एप्रिल उजाडला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतो. वर्षभराची धूळ झटकायची, टाकीला डांबर फासायचे, जुना वाळा काढून नवा भरायचा, पंपाची जाळी साफ करायची. ही सगळी कामे आपण हौसेने करतो. शेवटी राहते ती तार. बोर्ड एका भिंतीला आणि कूलर ठेवायची खिडकी दुसऱ्या भिंतीला. मधले अंतर आठ हात आणि कूलरची तार चार हात. मग कोणाच्या तरी जुन्या पंख्याची तार कापून आणली जाते, चारही टोके दातांनी सोलली जातात, एकमेकांत पिळली जातात आणि वरून काळी टेप गुंडाळली जाते. कूलर सुरू झाला, हवा आली, विषय संपला.

वाचक बंधू-भगिनींनो, विषय तिथे संपत नाही, तो तिथेच सुरू होतो. दर उन्हाळ्यात महावितरण कूलरपासून सावध राहण्याचे आवाहन काढते. पाणी भरताना प्लग काढा, अनवाणी हात लावू नका, तीन पिनांचाच प्लग वापरा. ते वर्तमानपत्रात छापून येते आणि आपण पान उलटतो. ज्या घरात असा अपघात झाला त्या घरची माणसे मात्र ते पान उलटू शकत नाहीत. कूलरचा झटका बहुधा घरातल्या बाईला नाहीतर लेकराला बसतो, कारण पाणी भरणारे आणि ओल्या फरशीवर खेळणारे तेच. घरातल्या कर्त्या माणसाने केलेला जोड असा दुसऱ्याच्या अंगावर येतो.

म्हणून या वेळी आपण तारांच्या जोडाबद्दल बोलू. जोड बसवणे हे परवानाधारक वायरमनचे काम आहे. पण त्याला सामान कोणते आणून द्यायचे, आणि त्याने बसवलेले नीट आहे की नाही, हे घरच्यांना कळलेच पाहिजे.

जोड तापतो कसा?

सलग तारेत वीज तांब्याच्या सगळ्या जाडीतून वाहते. पिळलेल्या जोडात दोन तारा एकमेकींना खरोखर टेकतात त्या चार-सहा ठिकाणीच. तेवढ्या चिंचोळ्या वाटेने सगळा प्रवाह जायचा म्हणजे अडथळा आला, आणि अडथळा आला की उष्णता आली. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. म्हणजे प्रवाह दहापट झाला तर उष्णता शंभरपट.

हिशेब करून पाहा. २०० वॅटचा कूलर २३० व्होल्टवर एक अँपियरहूनही थोडा कमी प्रवाह घेतो. २००० वॅटचा गीझर जवळजवळ नऊ अँपियर घेतो. समजा जोड कच्चा आहे आणि त्यात अर्ध्या ओहमचा अडथळा आला आहे. कूलर चालू असताना त्या जोडात अर्धा वॅटसुद्धा उष्णता होणार नाही, हाताला कळणारही नाही. त्याच जोडावर गीझर लावला तर सुमारे ३८ वॅट उष्णता त्या बोटभर जागेत होईल. जुना ४० वॅटचा पिवळा बल्ब हाताने धरून पाहिला असेल त्याला याचा अर्थ समजेल. तेवढी आग टेपच्या गुंडाळीत, लाकडी पट्टीच्या किंवा पडद्याच्या मागे धुमसत राहते. तापल्याने तांबे काळे पडते, काळे पडल्याने अडथळा वाढतो, अडथळा वाढला की ते आणखी तापते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की घरात एमसीबी आहे, काही झाले तर ती पडेलच. एमसीबी प्रवाह जास्त झाला तर पडते. कच्च्या जोडात प्रवाह जास्त होतच नाही. १६ अँपियरच्या एमसीबीला नऊ अँपियर दिसतात आणि तिच्या हिशेबाने सगळे ठीक असते. आरसीसीबी नावाचा स्विच वीज गळू लागली की पडतो, पण जोड नुसता तापत असेल तर तोही गप्प बसतो. तापणाऱ्या जोडावर पहारा ठेवणारे कोणतेच यंत्र आपल्या साध्या घरांत नसते. तिथे नाक आणि डोळे हेच उपयोगी पडतात.

कूलरचे दुखणे वेगळे

वरच्या हिशेबावरून कोणी म्हणेल की मग कूलरचा जोड निर्धोक आहे. तापण्याच्या दृष्टीने आहे, पण कूलरचे भय पाण्याचे आहे. जोड खिडकीत किंवा टाकीखाली असतो. त्याच्यावर पाणी उडते. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात टेपचा गोंद पातळ होतो, कडा सुटतात आणि पंधरा दिवसांत टेप सैल होऊन तारेवर सरकते. आत उघडे तांबे, बाहेर ओली लोखंडी पेटी. दोन्ही टेकले की सगळा कूलर वीज घेऊन उभा राहतो, आणि पंखा मात्र छान फिरत असतो.

याच वेळी हिरवी तार उपयोगी पडायची असते. अर्थिंगची ही तार पेटीत आलेली वीज जमिनीत नेते. पण ती जोडलीच नसेल, किंवा जोडात निसटली असेल, तर आपल्याला काहीच कळत नाही. लाल किंवा काळी तार सुटली तर कूलर बंद पडतो, आपण लगेच धावतो. हिरवी सुटली तर कूलर जसाच्या तसा चालतो. जिच्यावर जीव अवलंबून आहे तीच तार मुकी आहे. त्यात जुन्या पंख्याची तार दोन पदरांची असते, तिच्यात हिरवी नसतेच! म्हणजे अशी तार जोडली त्या दिवसापासून कूलरचे अर्थिंग गेले.

म्हणून कूलरपुरते माझे मत स्पष्ट आहे. कूलरच्या तारेला जोडच नको. बोर्डापासून कूलरपर्यंतचे अंतर सुतळीने मोजा, हातभर जास्त धरा, आणि तीन पदरांची अखंड केबल आणा. १ चौरस मिलिमीटरची पुरते, दीडची घेतली तर उत्तम. पीव्हीसीच्या केबलवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ६९४ हा क्रमांक छापलेला असतो, तो पाहून घ्या. हे शक्य नसेल तर बोर्डच खिडकीजवळ घेऊन जा. एका कूलरला अखंड केबल घालण्याचा खर्च त्याच्या वाळ्याच्या खर्चापेक्षा फारसा जास्त नसतो. शिवाय मेनजवळ ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्या. झटक्यापासून तो खरोखर वाचवतो, फक्त महिन्यातून एकदा त्याचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो की नाही ते बघायला हवे.

नळाला लावलेल्या टुल्लू पंपाचीही तीच गोष्ट. तो नळाला लावणे बेकायदेशीर आहे हे तर झालेच. पण लावणारे त्याचा जोडसुद्धा ओल्या मोरीत टाकून ठेवतात.

दुकानात काय मागायचे?

जिथे जोड टाळता येत नाही, म्हणजे छताच्या पंख्याला, ट्यूबला, खोली वाढवली तेव्हा जुन्या लाइनला, तिथे टेपवर भागवू नका. कनेक्टर आणा. सीताबर्डीत किंवा इतवारीत विजेच्या सामानाच्या दुकानात गेलात की दुकानदार आधी विचारेल, "किती अँपियरचा?" तिथेच पुष्कळजण अडतात आणि "द्या कोणताही" म्हणून मोकळे होतात. तारेचा दोन इंचांचा तुकडा खिशात घेऊन जा आणि कोणत्या वस्तूसाठी पाहिजे ते सांगा. दिवा-पंख्याच्या दीडच्या तारेला लहान चालेल. अडीचच्या किंवा चारच्या तारेला, म्हणजे इस्त्री, गीझर, एसी, मोटर यांना, १५ किंवा ३० अँपियरचाच पाहिजे. तारेचे सगळे पदर भोकात जात नाहीत म्हणून वायरमन दोन-चार पदर कापून टाकतो, हे पुष्कळ घरांत घडते. तो कनेक्टर त्या तारेचा नव्हेच. पदर कापले म्हणजे तारच बारीक केली.

आपल्याकडे सर्वांत जास्त खपतो तो पट्टीचा कनेक्टर. बारा घरांची प्लास्टिकची पट्टी, हवी तेवढी घरे कापून घ्यायची. वस्तू चांगली आहे, पण तिच्यात भेसळही तितकीच. आतली नळी पितळेची पाहिजे. स्वस्त मालात लोखंडाच्या नळीवर पिवळा मुलामा दिलेला असतो. तो एका पावसाळ्यात गंजतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. एक छोटे लोहचुंबक घेऊन जा, दुकानदाराला स्क्रू काढून आतली नळी दाखवायला सांगा. पितळ चुंबकाला चिकटत नाही. जोरात चिकटले तर पट्टी परत करा. नुसत्या स्क्रूला चिकटले तर काळजी नाही, स्क्रू पोलादी असू शकतो. दुसरे असे की काही कनेक्टरमध्ये स्क्रूचे टोक सरळ तारेवर रुतते आणि बारीक पदर तोडते. स्क्रूखाली पत्ती असलेला मिळाला तर दोन रुपये जास्त द्या. प्रत्येक बाजूला दोन-दोन स्क्रू असतील तर आणखी बरे.

चिनी मातीचा कनेक्टर आपल्या आजोबांच्या वेळेपासूनचा. तो वितळत नाही, जळत नाही. गीझर, शेगडी, हॅलोजन यांच्याजवळ, जिथे प्लास्टिक टिकत नाही, तिथे आजही त्याच्यासारखा दुसरा नाही. पण पडला की फुटतो आणि त्याची भोके उघडी असल्याने ओल्या जागी कामाचा नाही.

अलीकडच्या काळात खटक्याचे कनेक्टर आले आहेत. छोटी पारदर्शक डबी, तिला नारिंगी किंवा तसल्या रंगाचे खटके. खटका उचलायचा, सोललेली तार घालायची, खटका दाबायचा. आत स्प्रिंग आहे, ती तारेला कायम दाबून धरते. जर्मनीच्या वॅगो कंपनीचे हे कनेक्टर प्रसिद्ध आहेत. त्यांचा नेहमीचा प्रकार ४ चौरस मिलिमीटरच्या तारेपर्यंत आणि ३२ अँपियरपर्यंत चालतो. बारीक पदरांची तारही तो धरतो, आणि आपल्या घरांत पदरांच्याच तारा असतात, म्हणून मला हा प्रकार आवडतो. स्क्रू कमी आवळला गेला, जास्त आवळला गेला, ही भानगडच नाही. डबी पारदर्शक असल्याने तार शेवटपर्यंत गेली की नाही हे घरच्या बाईलाही दिसते. मात्र बाजारात याच्या नकलांचा सुळसुळाट आहे. ज्याच्यावर कंपनीचे नाव नाही, किती अँपियर आणि किती जाडीची तार ते छापलेले नाही, तो फुकट दिला तरी घेऊ नका. त्यापेक्षा पितळेची साधी पट्टी शंभरपट बरी. खटका नसलेले, नुसती तार आत खुपसायचे कनेक्टरही येतात. ते एकाच जाड तारेसाठी असतात, आपल्या पदरांच्या तारांना उपयोगी नाहीत.

जाड केबलला, मोटरच्या किंवा मेनच्या जोडणीला, लग किंवा थिंबल लागते. ते योग्य मापाच्या क्रिंपिंग प्लायरनेच दाबले पाहिजे. हातोड्याने ठोकून चपटे केलेले लग वरून घट्ट दिसते, आतून पोकळ असते. बोअरवेलमध्ये सोडायच्या पंपाचा जोड पाण्याखाली राहतो. त्याला जलरोधक जोडाचे खास सामान येते. साध्या टेपचे ते काम नाही.

बसवताना पाहण्याच्या गोष्टी थोड्या आहेत. मेन बंद असला पाहिजे आणि टेस्टरने तपासलेला असला पाहिजे. तार कनेक्टरवर खूण असेल तेवढीच सोलायची, पट्टीच्या कनेक्टरला साधारण ८ ते १० मिलिमीटर. बाहेर उघडे तांबे दिसता कामा नये आणि स्क्रूखाली रबराचे वेष्टण चेपलेले असता कामा नये. काही जुने कारागीर टोकाला डाख देऊन मग स्क्रूखाली घालतात; तसे करू देऊ नका. कथील मऊ असते, दाबाखाली हळूहळू पसरते आणि स्क्रू सैल होतो. शेवटी प्रत्येक तार एकेक करून ओढून पाहायची. निघाली तर आत्ता निघालेली बरी. आणि कनेक्टर कोणताही असो, तो जंक्शन बॉक्समध्ये झाकणाखाली गेला पाहिजे. पेटीशिवाय लोंबणारा कनेक्टर अर्धेच काम करतो.

आयटीआयमध्ये वायरमन आणि इलेक्ट्रिशियनच्या मुलांना मॅरेड जॉइंट, टी जॉइंट, ब्रिटानिया जॉइंट हाताने करायला शिकवतात. ती विद्या खोटी नाही. नीट विणलेला आणि डाख दिलेला जोड पक्का असतो. वस्तीत आपण पाहतो तो पीळ त्या जोडाचा भाऊही लागत नाही. आपल्या वस्त्यांतून कितीतरी पोरे हा ट्रेड शिकून बाहेर पडली आहेत. त्यांना बोलावतो आपण आणि वर म्हणतो, "भाऊ, टेप मारून दे ना, कनेक्टर कशाला?" तोही म्हणतो, "चालते काकू, काही नाही होत." दहा-वीस रुपयांसाठी त्याच्या शिक्षणाची किंमत आपणच कमी करतो.

तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम

जुन्या क्वार्टरांत आणि जुन्या घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा आहेत. तांबे महाग आणि बाहेर देशातून आणावे लागे, म्हणून त्या काळात अ‍ॅल्युमिनियम वापरले गेले. खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर आजही बहुधा अ‍ॅल्युमिनियमचीच असते. धातू वाईट नाही, पण जोडाच्या बाबतीत हट्टी आहे. हवा लागताच त्याच्यावर एक पापुद्रा चढतो, त्यातून वीज जात नाही. स्क्रूखाली दाबले की ते हळूहळू सरकते आणि जोड सैल होतो. तांब्याशी सरळ पिळले आणि ओल लागली की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया होऊन अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते, पांढरी भुकटी पडते.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशानेही हा धडा घेतला आहे. तिथे साधारण १९६५ ते १९७३ या काळात तांबे महागले म्हणून लाखो घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. पुढे तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने तपासणी करून सांगितले की १९७२ पूर्वीच्या अशा घरांत एखादा जोड आग लागण्याइतका तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट जास्त आहे. दोष तारेच्या मधल्या भागाचा नव्हता, जोडांचा होता.

तेव्हा तुमच्या घरात पांढरी तार असेल आणि नवी खोली तांब्याने जोडायची असेल, तर दोन धातूंसाठीच बनवलेला बायमेटल लग किंवा कनेक्टर मागा. वरचे खटक्याचे कनेक्टर मुळात तांब्यासाठी आहेत, अ‍ॅल्युमिनियमला तसेच लावू नका. आणि मीटरच्या आधीची तार आपली नाही. तिथे ठिणग्या उडत असतील तर काठीने डिवचू नका. १९१२ या क्रमांकावर महावितरणला कळवा.

न्यूट्रलच्या जोडाबद्दलही सांगितले पाहिजे. भाड्याच्या खोल्यांची मोठी घरे असतात, तिथे बरेचदा थ्री फेज मीटर असते. तिथला न्यूट्रलचा जोड सुटला की एका खोलीतले दिवे मंद होतात आणि शेजारच्या खोलीत २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब जाऊ शकतो. टीव्ही, फ्रिज, चार्जर एकदम जळतात आणि भाडेकरू एकमेकांवर संशय घेत बसतात. दिवे असे कमी-जास्त होऊ लागले तर आधी मेन बंद करा.

मंडपातल्या तारा

१४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या वस्त्या रोषणाईने उजळतात, दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे आणि मूर्तींचे शेकडो स्टॉल लागतात. या तात्पुरत्या तारांत घरापेक्षा जास्त जोड असतात आणि बहुतेक जमिनीवर, लाखो पायांखाली. ऑक्टोबरात परतीचा पाऊस कधी येईल याचा नेम नसतो. कार्यकर्त्यांनी दोन-तीन गोष्टी ठरवून टाकाव्यात. तारेवर आकडा नाही, महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यायची. जोड जमिनीवर नाही, डोक्याच्या वर बांबूला बांधायचा. लोखंडी खांबाला तार लपेटायची नाही. बाहेरचा जोड झाकणाच्या पेटीत, आणि पेटीवर आयपी ६५ असे लिहिलेले असावे, म्हणजे तिच्यात धूळ जात नाही आणि पाण्याचा फवाराही शिरत नाही. नाहीच मिळाली तर पेटीचे तोंड खाली करून तरी टांगा. आमच्या इकडे प्लास्टिकच्या पिशवीत जोड बांधतात, त्या पिशवीत पाणी साठते आणि जोड त्यातच बुडतो.

घरात कच्चा जोड असेल तर तो आधी खुणा दाखवतो. इस्त्री लावली की दिवा मिचकतो. बोर्डातून बारीक चरचर ऐकू येते. जळक्या प्लास्टिकचा किंवा खराब मासळीसारखा वास येतो. बोर्डाचा पांढरा रंग एका कोपऱ्यात तपकिरी होतो, प्लग काढताना पिना गरम लागतात. यातले काही दिसले तर नवी टेप वरून गुंडाळू नका, वायरमनला बोलावून तो जोड उघडून घ्या.

आणि उघडल्यावर नुसता कनेक्टर बदलून चालत नाही. तापलेली तार आतपर्यंत काळी आणि कडक झालेली असते. वायरमनला सांगा, चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे काप. तसे करताना तार अपुरी पडली तर मध्ये तुकडा जोडायचा नाही. या पेटीपासून त्या पेटीपर्यंत नवी तार ओढून घ्यायची.